तक्रार आढळली नाही

गाडी बंद पडलेला माणूस वर्कशॉपमध्ये आला की तो आधी गाडीबद्दल बोलतच नाही. तो कुठं निघाला होता ते सांगतो. साखरपुड्याला निघालो होतो, कोर्टात तारीख होती, बायकोला माहेरी सोडायचं होतं. मग गाडीत कोण कोण बसलं होतं ते सांगतो, आणि बंद पडल्यावर मेहुणा काय म्हणाला ते हमखास सांगतो. पाच-सात मिनिटांनी कधीतरी गाडीचा विषय निघतो, आणि तोही "एकदम बंदच पडली बघा" एवढाच.

हे सगळं ऐकून घ्यायचं आणि कागदावर उतरवायचं, हे माझं काम होतं. बीडच्या बायपासला एका मोटार कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे, तिथं मी सतरा वर्षं काढली. त्याआधी वडिलांच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात होतो. तिथं ॲसिडनं शर्टाला भोकं पाडून घेत वायरिंग शिकलो. सेंटरमध्ये लागलो तो इलेक्ट्रिशियन म्हणून, पण मला बोलता बरं येतं असं साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला काउंटरवर बसवलं. शर्ट इस्त्रीचा झाला, गळ्यात ओळखपत्र आलं. गल्लीत मात्र मी शेवटपर्यंत बॅटरीवाला नजीरच राहिलो.

या अंकाचे संपादक म्हणाले, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, दोन सांगतो. पण मी लिहायला बसलो ते त्या गमतींसाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सिरसाळ्याचे एक आडतदार होते. त्यांची तक्रार अशी की ब्रेक दाबला की वायपर फिरतात. मला वाटलं, शेठजी काहीतरीच सांगतायत. ब्रेक दाबून बघितला तर खरंच फिरले. शेठजी डिकीत सोयाबीनचे नमुने पिशव्या भरभरून ठेवायचे. त्यावर उंदीर आले. सोयाबीन संपल्यावर त्यांनी वायरी कुरतडल्या आणि दोन उघड्या वायरी एकमेकींना चिकटल्या. शेठजी उंदरांवर अजिबात चिडले नाहीत. ते मला म्हणाले, "कंपनीवाले वायरीला चव कशाला देतेत?"

दुसरे एक गावपुढारी. गाडी इवलीशी, पण तिला ट्रकचा हॉर्न, टपावर दिवे, आत कार्यकर्त्यांचे सहा मोबाइल चार्जिंगला, आणि सभेला लाउडस्पीकरही तिच्याच बॅटरीवर. त्यांची तक्रार होती की दर सभेनंतर गाडी चालू होत नाही. मी म्हणालो, "भाऊ, बॅटरी ठीक हाय, भाषण जरा लहान करा." ते खो खो हसले. मागं उभे असलेले कार्यकर्ते, साहेब हसतायत म्हटल्यावर हसले. माझी जीभ ही अशी होती. काउंटरवर ती चालायची, लोकांना आवडायची, आणि मलाही तिचा अभिमान होता.

आता जरा धंद्याचं सांगतो. गाडीत वीज कशी फिरते हे कळायला फार शिकावं लागत नाही. बॅटरीतून वीज निघते, दिव्यात किंवा मोटारीत काम करते आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीत येते. ही वाट कुठंही तुटली की काम थांबलं. सगळ्या वाटा बोनेटखालच्या एका काळ्या डब्यातून जातात. त्यात फ्यूज असतात आणि रिले असतात. रिले म्हणजे इंजिनला वीज सोडणारं आणि तोडणारं बोटभर बटण. त्या डब्याला झाकण असतं. झाकण नीट बसलं तर आत पाणी जात नाही.

आणि गाडी कशी मेली, यावरून ती कशानं मेली हे बरंचसं कळतं. इंजिन आधी बंद पडलं आणि समोरचे काटे, दिवे, टेप चालू राहिले, तर इंधनाकडं बघायचं. काटे आधी पडले, टेप गप्प झाला आणि मग इंजिन गेलं, तर विजेकडं बघायचं. हल्लीच्या छोट्या गाड्यांत स्टेअरिंगलाही विजेची मदत असते. ती गेली की स्टेअरिंग दगडासारखं होतं. म्हणून माणूस काय सांगतो, कोणत्या क्रमानं सांगतो, कधी आणि कुठं झालं म्हणतो, हे जसंच्या तसं लिहून घ्यायला हवं. नवीन आलेल्यांना मी हेच शिकवायचो.

पण जॉब कार्डवर तक्रारीचा रकाना दीड ओळीचा. त्यात कंपनीनं ठरवून दिलेली वाक्यं. "गाडी अधूनमधून बंद पडते", "स्टार्टिंगला त्रास", "पिकअप कमी". त्यातलं एक निवडायचं. मग गाडी बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरला लावायची, ट्रायलला न्यायची, आणि काही सापडलं नाही तर खाली शिक्का मारायचा: तक्रार आढळली नाही. हा शिक्का मी किती कागदांवर मारला याचा हिशेब नाही. गिऱ्हाईक खोटं बोलतंय असा त्याचा अर्थ नसतो. पण हातात तो कागद घेऊन जाणाऱ्याला तसंच वाटतं.

बालाजीराव पाटोद्याचे. तहसील कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. पस्तिशीचा, हडकुळा, हळू बोलणारा माणूस. त्याची गाडी हौसेची नव्हती. आईच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला बीडला आणावं लागायचं. वर्षभर त्यानं ते एसटीनं केलं. येताना जमायचं, पण मशीनवरून उठल्यावर परतीच्या गाडीत तिला उभं राहवायचं नाही. म्हणून ही छोटी पांढरी गाडी घेतली. आठवड्यातून दोनदा बीड गाठायचं, एवढंच तिचं काम. ती पोचली नाही तर म्हातारीच्या अंगात पाणी साठत जाणार, श्वास कोंडत जाणार. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तक्रार घेऊन तो पहिल्यांदा आला त्या दिवशी मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"बंद पडते म्हणजे कशी पडते?"

"चालता चालता. आधी सगळे काटे खाली येतेत, टेप बंद होतो, मग इंजिन जातं. दोन-चार मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होती."

"कधी पडते? गरम झाल्यावर? चढाला?"

तो घुटमळला. काउंटरवर जरा वाकून म्हणाला, "नजीरभाई, हसू नका. आवस झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिशी पडती. मधी महिनाभर काय बी न्हाई."

मी हसलो. नुसतं हसलो नाही, शेजारच्या टेबलावर मॅनेजर बसले होते, त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, ही अमावस्येला बंद पडणारी गाडी." तेही हसले. बालाजी हसला नाही.

त्याची आई समोरच्या सोफ्यावर बसली होती. सुभद्राबाई. सडसडीत बाई, चेहरा सुजलेला, डाव्या हातावर सुया टोचून टोचून फुगलेली शीर आणि त्यावर पांढरी पट्टी. त्यांनी आमचं ऐकलं होतं. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाबा, मी तर दर आवसंला तिची पूजा करती. बोनेट उघडायला लावती, हळद-कुंकू वाहती, नारळ फोडती, त्याचं पाणी शिंपडती. तरी ही मला रस्त्यात बसवती. माझं काय कमी पडतंय?"

मी म्हणालो, "मावशी, मग पूजा जरा जोरात करायला पायजे. शिंपडून काय होतंय?"

पुन्हा हशा झाला. सुभद्राबाई हसल्या नाहीत. डॉक्टरनं गोळी बदलून दिल्यावर माणूस मान हलवतो तशी त्यांनी मान हलवली.

आता लिहिताना मला कळतं, की त्या दोन मिनिटांत मायलेकांनी मला सगळा बिघाड सांगून टाकला होता. काटे आधी पडतात, म्हणजे वीज. अमावस्येनंतर पडते, म्हणजे महिन्यातून एकदाच घडणारं काहीतरी. बोनेट उघडून पाणी शिंपडते, म्हणजे तेच. हे तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवायला स्कॅनर लागत नाही. माझ्या वडिलांनी, ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांनी ते ठेवले असते. मी रकान्यात लिहिलं, "गाडी अधूनमधून बंद पडते." अमावस्या लिहिली असती तर कंपनीत वाचणारे हसले असते, असं मला वाटलं.

तेव्हा अमावस्या होऊन आठवडा झाला होता. ओल केव्हाच सुकली होती. मांजरसुंब्याचा घाट चढून उतरून ट्रायल घेतली. गाडी एकदाही अडखळली नाही. शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. या खेपेला एका फेरीत तीनदा बंद पडली म्हणाला. मी स्वतः बोनेट उघडलं. बॅटरीचे नट आवळले. काळा डबा बघितला तर झाकणाची एक खिट्टी तुटलेली, कोपरा बोटभर उचललेला. ही खिट्टी आमच्याच वर्कशॉपमध्ये पहिल्या सर्व्हिसला तुटली होती, ते मला ठाऊक होतं. नुसतं झाकण मिळत नाही, अख्खा डबा मागवावा लागतो, म्हणून मी "पुढच्या वेळी बघू" म्हणून सोडून दिलं होतं. या वेळीही तेच म्हणालो. झाकणावर कुंकवाचा लाल डाग होता. तो मला दिसला. पण कुंकू कुठल्या गाडीत नसतं? खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरला, लिफ्टला, स्कॅनरलासुद्धा हळद-कुंकू लागतं. मी दर वर्षी तिथं हात जोडून उभा राहिलोय, प्रसादाचं खोबरं खाल्लंय. कुंकू बघून थांबावं असं डोळ्याला वाटलंच नाही. दुसऱ्यांदा शिक्का मारला.

तिसऱ्या वेळी फक्त फोन आला. गुरुवार होता, दुपारची वेळ. महिनाअखेर, काउंटरवर गर्दी.

"नजीरभाई, आज आवस हाय," बालाजी म्हणाला. "उद्या मायला आणायचंय. मंगळवारी ताप होता म्हणून डायलिसिस झालं न्हाई. अंगात पाणी लई साठलंय, चार पावलं चालली की धाप लागती. आज गाडी दाखवायला आणू का?"

मी म्हणालो, "आज ती चालूच आहे, तर मी काय बघू? बंद पडली की आणा."

हे काही उर्मटपणे बोललो नाही. आमच्या धंद्यात रोज बोललं जाणारं वाक्य आहे. चालत्या गाडीत बिघाड सापडत नाही, हे खरंच आहे. पण त्या दुपारी त्यानं गाडी आणली असती तर सकाळच्या पूजेची ओल मी हातानं पुसली असती.

शुक्रवारी सकाळी मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बंद पडली. पुढचं सगळं मला नंतर त्याच्या दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, सांगितलं. काटे पडले, इंजिन गेलं, स्टेअरिंग घट्ट झालं. बालाजीनं कसाबसा हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेतली. दोन मिनिटं थांबला, चार मिनिटं थांबला. या वेळी चालू झाली नाही. काचा वर अडकलेल्या, म्हणून त्यानं दारं उघडी टाकली. चारी इंडिकेटर लावायला गेला तर त्यांनाही वीज नाही. वळणावर गाडी दिसेना, म्हणून ट्रकवाले हॉर्न वाजवत अंगावरून जात होते. अॅम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन निघाली होती. तो आईच्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन रस्त्यात उभा राहून हलवत होता. शेवटी टोमॅटोच्या क्रेट भरलेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हरनं शेजारी बसलेल्या माणसाला खाली उतरवून म्हातारीला पुढं घेतलं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर स्ट्रेचर आलं तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता.

गाडी त्याच दिवशी टो करून आमच्याकडं आली. शनिवारी सकाळी मी बोनेट उघडलं.

काळ्या डब्याच्या झाकणावर ओंजळभर फुलं, अक्षता, कुंकवाचा चिखल. झाकण काढलं तर आत तळाला चिकट पाणी अजून होतं. त्यात दूध-दह्याची साय, खोबऱ्याचे कण. रिलेच्या पितळी पायांवर हिरवं चढलेलं. हे शिंपडलेलं पाणी नव्हतं. तांब्याभर तरी ओतलं होतं. मी तिथं उभा राहिलो आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं. शिंपडून काय होतंय. बाईनं ऐकलं होतं. सेंटरमधला माणूस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, त्यानं सांगितलं पूजा जोरात करा, तिनं केली.

मी मॅनेजर साहेबांना बोलावलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. मी झाकणाची तुटलेली खिट्टी दाखवली. ते म्हणाले, "नजीरभाई, झाकण तर डब्यावर बसवलेलं होतंच ना." कागद तयार झाला: ग्राहकाकडून द्रव पदार्थ ओतला गेल्यामुळे बिघाड. खिट्टीचा फोटो त्यात नव्हता. मी खाली सही केली. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतोय.

बालाजीचा फोन चौथ्या दिवशी आला. आवाज बसलेला. "काय निघालं?" एवढंच विचारलं.

मी काय सांगणार होतो? तुमच्या आईच्या पूजेनं गाडी बंद पडली? मेलेल्या बाईनं केलेली पूजा, आणि सांगणारा नजीर. आजकाल आमच्याकडं अशा गोष्टी तोंडातून काढताना माणूस दहादा विचार करतो. आणि खरं सांगायचं तर त्या विचाराची मला सोय झाली. त्याच्याआड मला माझं लपवता आलं.

म्हणालो, "फ्यूजच्या डब्यात पाणी गेलं होतं."

"कसलं पाणी?"

"धुताना गेलं असंल."

तो म्हणाला, "बुधवारी मीच धुतली होती. मायला न्यायचंय म्हणून."

मी म्हणालो, आता त्याचा विचार करू नका. त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, मी चांगलं केलं. आईवर येणारा ठपका टळला, पूजेचं नाव निघालं नाही, विषय संपला.

महिन्याभरानं दाजी गाडी न्यायला आले. मी चावी हातात दिली, ते निघेनात. म्हणाले, "तुमीच नजीरभाई का? आमचा बालाजी दुकान उघडत न्हाई हो. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर म्हणला, मी मायला मारलं. मी गाडी धुतली म्हणून माय गेली. आमी लई समजावलं, ऐकत न्हाई. त्या दिशी धुतली नसती तर, एवढंच धरून बसलाय. ह्या गाडीला हात लावत न्हाई, दारात दिसू देऊ नका म्हणतोय. मी इकून टाकणार हाय."

ते गेले. मी पुढच्या गिऱ्हाइकाचं जॉब कार्ड भरायला घेतलं आणि मला त्याचं नाव लिहिता येईना.

घरी बायकोला सगळं सांगितलं, बालाजीकडं जाऊन येतो म्हणालो. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं, आणि तवा उतरवून म्हणाली, "जारैं तो पूरा बोलको आओ. आधा बोलनेकू नक्को जाओ."

रविवारी मोटरसायकल काढली आणि पाटोद्याला गेलो. घाटात ती जागा कुठली असेल याचा अंदाज येत होता. थांबलो नाही.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मागच्या खोलीत बालाजी जमिनीवर बसलेला. दाढी वाढलेली. भिंतीवर आईचा फोटो, त्याखाली कोनाड्यात गोळ्यांच्या पट्ट्या अजून तशाच. मला बघून तो उठू लागला, मी त्याला बसवलं. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि दाराशी थांबली.

मी ठरवून आलो होतो की थांबायचं नाही, थांबलो की बोलता येणार नाही. म्हणून एका दमात सांगितलं. धुण्यानं काही झालं नव्हतं. धुताना बोनेट बंद असतं आणि त्या डब्यापर्यंत पाणी जात नाही. डब्यात पूजेचं पाणी होतं. ते आत गेलं कारण झाकणाची खिट्टी तुटली होती, ती आमच्या माणसाच्या हातून तुटली होती, आणि मला माहीत असून मी बदलली नाही. जोरात पूजा करा हे मी सांगितलं होतं. गुरुवारी गाडी आणू नका हेही मीच. आणि फोनवर धुण्याचं खोटं बोललो, ते तुमच्या आईला वाचवायला असं मला वाटलं, पण वाचवलं मी स्वतःला.

तो ऐकत होता. मी थांबल्यावर खाली बघत म्हणाला, "म्हंजे मी धुतल्यामुळं न्हाई."

"न्हाई."

"मायच्या पाण्यानं झालं."

"तिच्या पाण्यानं झालं," मी म्हणालो. "पण ती मला विचारायला आली होती, बालाजी. काय कमी पडतंय म्हणून विचारत होती. तिला सांगायचं काम माझं होतं."

दाराशी त्याची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. बालाजी रडला नाही. तो मला शिव्या देईल, अंगावर येईल, असं मला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तो उठला, दुकानात गेला. झेरॉक्स मशीनजवळच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद घेऊन आला, पेन आणलं, माझ्यासमोर ठेवलं.

"लिहून द्या," म्हणाला.

मला वाटलं, कोर्टासाठी. तेही रास्तच होतं. विचारलं, "वकिलाला द्यायचंय?"

"कुणालाच द्यायचं न्हाई. तुमचे दोन कागद हायेत घरात. दोन्हीवर लिवलंय, तक्रार आढळली न्हाई. माझी माय खोटं बोलत होती का? एक तरी कागद खरा असू द्या घरात."

मी लिहायला घेतलं. इतकी वर्षं दीड ओळीत लिहायची सवय, हाताला जागा पुरेना. लिहिलं की, गाडी अमावस्येनंतर बंद पडते, अशी तक्रार ग्राहकाने दोन वेळा समक्ष आणि एक वेळा फोनवर सांगितली. ग्राहकाच्या आईनेही पूजेच्या पाण्याबद्दल सांगितले. तक्रार खरी होती. ती लिहून घेतली नाही. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली, तारीख टाकली आणि कागद त्याच्याकडं दिला.

त्यानं तो वाचला. फॉर्म भरून देणारा माणूस, एकेक ओळीवर बोट ठेवून वाचला. मग तो माझ्यापुढं परत सरकवला.

"हसलात ते बी लिहा," म्हणाला.

सहीच्या खाली थोडी जागा उरली होती. तिथं मी ते लिहिलं.